डोळे न उघडलेला घोडा

आजच्या सत्कार सभेच्या अध्यक्षा, आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका मंगयर्करसी बाई. ज्यांच्यासाठी आपण हातातली कामं टाकून इथे जमलो ते दिग्दर्शक इळंपरिदी सर. पंचायतीचे अध्यक्ष सेवुगन अण्णा. व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, समोर बसलेल्या आयाबहिणी, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून भिंतीवर चढून बसलेली मुलं, सगळ्यांना मरुदमुत्तु वेळाराचा नमस्कार.

आज सकाळी मी तळ्यावर अंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, वाटीत काळा रंग कालवला आणि कुंचला घेऊन शाळेच्या आवारातल्या घोड्यापुढे जाऊन उभा राहिलो. कशासाठी, ते आपल्याला ठाऊक आहे. पत्रिकेतच छापलं आहे की भाषणं संपल्यावर सगळ्यांनी आवारात जायचं, आणि बावीस वर्षं कोरे राहिलेले त्या घोड्याचे डोळे मी सरांसमोर उघडायचे. त्याआधी एकदा हात जोखून पाहायला मी गेलो होतो. सकाळी तिथे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी सरांबद्दल बोलू द्या. माझं बोलणं लांबलं तर बाई घंटा वाजवतीलच, त्यांची सवय आम्हाला नवीन नाही.

सर बावीस वर्षांपूर्वी आमच्या मेलक्कुळमला आले तेव्हा त्यांच्याजवळ एक वही होती आणि वहीत मुलांसाठी एका सिनेमाची गोष्ट होती. ताडावर राहणारं एक भूत गावातल्या सगळ्या मुलांची झोप चोरून नेतं. मुलं दिवसरात्र टक्क जागी, आया रडकुंडीला आलेल्या. तेव्हा अय्यनारच्या देवळातला मातीचा घोडा जिवंत होतो आणि एका मुलीला पाठीवर घेऊन झोप परत आणायला आभाळात उडतो. गोष्ट ऐकून माझे वडील करुप्पय्या वेळार एवढंच म्हणाले होते, "भूत नेणारच असेल तर आमच्या मुत्तुची झोप ने म्हणावं. सूर्य डोक्यावर येईपर्यंत उठत नाही."

मद्रासहून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. अय्यनार रात्री घोड्यावर बसून आमच्या गावाची शीव राखतो, आणि त्याचे घोडे आम्हा वेळारांच्या, म्हणजे कुंभारांच्या, घरात घडतात. माती, भाताचा कोंडा आणि चार महिन्यांची मेहनत. पण कोऱ्या डोळ्यात काळं बुबुळ रंगवेपर्यंत ती नुसती माती. बुबुळ काढलं की देवाचा घोडा. सिनेमाचा घोडाही आम्हीच घडवला, माणसापेक्षा दोन हात उंच. तोच आज शाळेच्या आवारात उभा आहे. उडण्यासाठी त्याच मापाचा वेताचा आणि कागदाचा घोडा सरांच्या माणसांनी केला. त्याचा दोर एका ठिकाणी पडद्यावर दिसतो. दर वर्षी जत्रेत सिनेमा दाखवतात तेव्हा तिथे सगळी मुलं "दोर" म्हणून ओरडतात. सर, आपण रागावू नका, त्यांना तो दोर फार आवडतो.

चित्रीकरण सुरू व्हायच्या दिवशी सकाळी सर आमच्या अंगणात आले आणि म्हणाले, "काय मुत्तु, डोळे कधी?"

मी म्हणालो, "सर, सिनेमासाठी या घोड्याचे डोळे उघडत नाहीत. देवाला चालत नाही."

सगळी माणसं बाहेर खोळंबली होती. दुसऱ्या कोणी आवाज चढवला असता, नाहीतर शहरातून रंगारी आणला असता. सरांनी काय करावं? त्यांनी पायातल्या चपला काढल्या. म्हणाले, "देवाला चालत नसेल तर मला कसं चालेल?" आणि वही घेऊन कडुलिंबाखाली बसले. दुपारी त्यांनी सिनेमात घोड्यावर बसणाऱ्या मुलीला बोलावून नाव विचारलं. ती म्हणाली, कयल्विळी. सर मोठ्याने हसले. "म्हणजे माशासारख्या डोळ्यांची? मग झालं काम. घोडा आंधळा. त्याचे डोळे तू."

आज कयल्विळी कारैक्कुडीच्या दवाखान्यात परिचारिका आहे, तिसऱ्या रांगेत बसली आहे. आंधळ्या घोड्याच्या मानेवर ओणवी होऊन ती त्याच्या कानात सांगते, "आता डावीकडे. पुढे ताड आहे, मान खाली घाल. भिऊ नको, मला दिसतंय." जत्रेत हे शब्द आले की सगळं गाव ते तिच्याबरोबर म्हणतं.

मद्रासला मात्र सिनेमा नऊ दिवस चालला. एका वर्तमानपत्राने लिहिलं, दिग्दर्शक घोड्याचे डोळे रंगवायला विसरला. एका वितरकाने सरांना तोंडावर विचारलं, रंग संपला होता का? सरांना पुन्हा कोणी सिनेमा दिला नाही. पुढची वीस वर्षं त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली. कारण विचारणाऱ्याला ते एवढंच सांगत, "त्या गावचा देव मोठा आहे, मी त्याचं ऐकलं." आमच्या घराचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

इथपर्यंतची गोष्ट गावातल्या पोरांनाही पाठ आहे. वेळाराने देवाचा शब्द सांगितला आणि सरांनी तो पाळला. पुढचं कोणाला माहीत नाही.

त्या वर्षी वडिलांचा हात थरथरू लागला होता, म्हणून पहिल्यांदा बुबुळ मी काढायचं होतं. ते एका श्वासात टेकवावं लागतं. केसभर सरकलं तर घोडा तिरळा होतो, आणि तिरळा घोडा वाट चुकला तर दोष हाताचा, असं आमच्या घरात मानतात. तीन सकाळी मी कुंचला उचलला आणि खाली ठेवला. चौथ्या सकाळी सर आले. देवाने मला काही सांगितलं नव्हतं. वडिलांना विचारलं असतं तर नारळ फोडून त्यांनी होकारच दिला असता. मी घाबरलो होतो, आणि भीती सांगायची लाज वाटली म्हणून देवाला पुढे केलं.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं, "हे देवाने तुला कधी सांगितलं?" मी मान खाली घातली. ते म्हणाले, "देवाकडे घोडे पुष्कळ आहेत रे. तुझं खोटं मात्र पायी चालत येईल." पुढे वडील वारले. त्यानंतर मी किती घोड्यांचे डोळे उघडले असतील! कुंचला उचलताना ते वाक्य आठवलं नाही असं एकदाही झालं नाही.

आज सकाळी हात स्थिर होता. भाषणांनंतर दोन ठिपके टेकवले असते तर आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि माझं खोटं त्या रंगाखाली कायमचं झाकलं गेलं असतं. सरावासाठी मी श्वास रोखून कुंचला उचलला, तेवढ्यात पलीकडच्या बाजूने दप्तरासकट एक मुलगी घोड्यावर चढली. मी तिला दिसलो नव्हतो. ती घोड्याच्या कानात म्हणाली, "आज मागच्या दाराने जाऊ. पुढच्या दारात गणिताचे सर उभे आहेत." मग तिला मी दिसलो, हातातला कुंचलाही दिसला. ती म्हणाली, "मामा, याला दिसायला लागलं तर आम्ही वाट कोणाला सांगायची?"

मी कुंचला खाली घेतला. आपल्यापैकी कोणाकडे याचं उत्तर आहे का?

समितीने मला मोठा मान दिला, त्याबद्दल मी ऋणी आहे. अध्यक्षबाईंचे, आपणा सर्वांचे आभार. पण भाषणानंतर आवारात जायची घाई करू नका. बावीस वर्षांपूर्वी मी देवाच्या नावाने नाही म्हणालो होतो. आज माझ्या स्वतःच्या नावाने नाही म्हणतो.

बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण ते पदरात घ्यालच. सर, आपल्याकडे मात्र मला मोठ्या चुकीची माफी मागायची आहे. माझं खोटं पायी चालत आज इथवर पोचलं आहे. वाटीतला रंग मी तळ्याकाठी मातीत ओतला. कुंचला धुतला, कोरडा केला, आणि इथे येण्यापूर्वी घराच्या छपरात खोचून आलो.