नऊवारी नेसलेली डुकरीण

आटपाट वाळवंट होतं. तिथे एका अरबाच्या शेतावर माझा दिनू राबायचा अन् तिथेच राहायचा. सून सुषमा अन् मी दूर दुबई शहरात, करामा वस्तीतल्या एका खोलीत. वाळवंटात रानडुक्कर कुठलं, विचाराल. कुणा हौशी शेजाऱ्याने परदेशातून आणलेली डुकरीण कुंपण मोडून सुटली अन् आमची कलिंगडं फस्त करू लागली. मालक म्हणाला, "शुक्रवारपर्यंत थांबव, नाहीतर तुझी नोकरी खलास."

दिनू खोलीवर आला तेव्हा मी म्हटलं, "दिनू, गावी शेताभोवती जुन्या साड्या बांधतो, तशा बांध. घे माझी हिरवी नऊवारी."

सुषमा म्हणाली, "आई, दुबईची डुकरीण साडीला घाबरते होय?"

नाहीच घाबरली. शुक्रवारी मालकासमोरच साडीत घुसली, गुंडाळली गेली अन् नऊवारी नेसून, पदर उडवत वाळूत पळाली. मालक हसून हसून खालीच बसला.

"ही अक्कल कुणाची?"

दिनू घाबरत म्हणाला, "अरबाब, आईची." मालकाला तिकडे अरबाब म्हणतात.

"मग यल्ला, चल लवकर, आईला इकडेच आण. बायकोलाही आण. दोन खोल्या रिकाम्या आहेत."

तेव्हापासून आम्ही तिघं एका छपराखाली. डुकरीण काही फिरकली नाही. साडीचोळी करून पाठवलेली लेक लगेच कशी परत येईल?