शेऱ्याच्या चौकटीतला चोर

दातांच्या दवाखान्यात एक निवृत्त बाई मासिक चाळत होत्या. शेजारी एकाच कंपनीतले बहीणभाऊ. त्याचा गाल सुजलेला, तिचा आवाज चढलेला.

"दादा, सहा महिन्यांपूर्वी लेखी कळवलं होतं मी. प्रोग्रॅममधल्या चुका नोंदवायच्या आपल्या साइटवर कुणी शेऱ्यात कोड लिहिला, तर तो वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये आपोआप चालतो, त्याच्या नावाने काहीही करू शकतो."

"ती साइट आपलेच लोक बघतात गं."

"हेच लिहून तू तक्रार बंद केलीस! बघतात आपले, पण शेरा बाहेरचं गिऱ्हाईकही टाकतं. काल तसला शेरा टेस्टिंगच्या ताईंनी उघडला, आणि त्यांच्या नावाने कुणीतरी आपल्या प्रोग्रॅममध्ये घातक कोड घुसवला. आज त्यांना घरी बसवलं."

"चौकशी होईल ना."

"सुरक्षा तुझ्याकडे, म्हणजे तूच करणार ना ती? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"हळू बोल. लोक ऐकताहेत."

बाईंनी पान उलटलं.

"ऐकू देत. माझी तक्रार आणि त्याखालचं तुझं उत्तर, दोन्ही सकाळीच मोठ्या साहेबांना पाठवलीयत."

"मला न विचारता? सख्ख्या भावाला?"

"ताईंची मी वरिष्ठ आहे. त्यांच्या घरी मी काय तोंड दाखवू?"

आतून त्याला हाक आली. तो उठेना.

"जा. दुखलं तर सांग डॉक्टरांना, गप्प बसू नकोस. मी बाहेरच आहे."