परसातली खोली आणि माझं मौन

सुमनताई, लेकीचं लग्न जमू दे, सोळा सोमवार दिवसभर मौन धरीन, असा मी कपिलधारच्या महादेवाला नवस बोलले होते. लग्न जमलं. नवस फेडत होते, त्यातल्याच एका सोमवारची गोष्ट.

परसात बियाणं ठेवायला खोली करायची होती. आमच्या ह्यांना मांजरसुंब्याहून पत्र्याची तयार खोली आणायची होती, मला विटांची बांधून हवी होती. पत्र्याखाली सोयाबीन तापतं आणि मग पेरलं तरी उगवत नाही. दुकानदाराला त्याच संध्याकाळी कळवायचं होतं, आणि मला तर तोंड उघडता येत नव्हतं.

हे बाजेवर बसून म्हणाले, "मग तयारच आणू. एका दिवसात उभी राहती."

मी ज्वारी निवडत राहिले.

"तू म्हणशील, पत्रा तापतो. तापू दे की."

मी मान वर केली नाही.

"तू म्हणशील, बी उगवलं न्हाई तर काय करायचं? आता ते बी खरं हाय म्हणा. आन् वावटळीत पत्रे उडाले, तर कुणाकुणाच्या रानात हुडकत फिरू?"

मी नुसतं त्यांच्याकडं बघितलं.

"बरं बाई, लई बोललीस. बांधू विटांची," म्हणाले, आणि त्यांनी गवंड्यालाच फोन लावला.

इतक्या वर्षांच्या संसारात माझं बोलणं त्यांना एवढं कधी पटलं नव्हतं. तुमच्याकडं गोठ्यावरून अडलंय म्हणता ना, मग येत्या सोमवारी तुम्हीही मौन धरून बघा.