नऊ निवेदनांची पोच

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे सरपंच माननीय सुंदरराव, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, चौतीस वर्षं या गावची लेकरं सांभाळून आज अंगणवाडीतून निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती विमलबाई, समोर बसलेल्या माता-भगिनी, वडीलधारी मंडळी, आणि जेवणाच्या मंडपाकडं एक डोळा ठेवून बसलेल्या बालमित्रांनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालन करणारी वैष्णवी याच अंगणवाडीची. आज अंबाजोगाईला डॉक्टरकी शिकते. तिनं माझी ओळख करून देताना सांगितलं की जनतेच्या कामाला कधी नाही न म्हणणारे निवृत्त अव्वल कारकून सोमनाथराव भोंडवे. बाळा, मी आवक-जावकच्या टेबलावर बसायचो. आलेला कागद घ्यायचा, नोंदवहीत चढवायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच द्यायची आणि मूळ कागद साहेबांच्या टेबलावर ठेवायचा. नाही म्हणायचा मला अधिकारच नव्हता. आपण मला शाल दिलीत. ती मी घडी करून खुर्चीवर ठेवली आहे. उकाडा आहेच, पण कारण तेवढंच नाही.

त्या मागच्या भिंतीवर वैष्णवीनं नऊ चौकटी लावल्यात. जेवायला जाताना आपण पाहालच. विमलबाईंच्या हातची नऊ निवेदनं आहेत, प्रत्येकावर तालुक्याच्या कचेरीचा गोल शिक्का आणि खाली माझी सही. मघापासून प्रत्येक वक्त्यानं त्या चौकटींचं कौतुक केलं. माझंही केलं. मी खाली मान घालून ऐकत होतो, तो विनय नव्हता हे कृपा करून लक्षात घ्या.

दोन हजार तीन साल. इराकवर अमेरिकेची फौज चालून गेली तेव्हा आपल्याकडच्या बायका ऊसतोडीवर होत्या. फडावरच्या पाचटाच्या कोपीत एक रेडिओ होता, त्यावर त्यांनी ऐकलं की तिकडच्या एका मोठ्या शहराचं पाणी बंद पडलंय. परत आल्यावर त्या विमलबाईंकडं गेल्या आणि म्हणाल्या, आपण कागद देऊ. आता सांगा, टँकर आला नाही तर निवेदन, रेशनचं धान्य कमी आलं तर निवेदन, हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. पण लढाई थांबवा म्हणून तहसीलदाराला निवेदन? एप्रिलच्या उन्हात अकरा बायका माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी शिपायाला सांगून त्यांना रांजणातलं पाणी दिलं. एवढं खरं आहे. पुढचं ऐका.

मी विचारलं, "तुमाला काय करायचं हाय बे इराकचं?" होय, बायांना 'बे' म्हणालो मी. त्यांच्यात चंद्रभागाबाई होत्या. आज त्या हयात नाहीत. त्या म्हणाल्या, "सायेब, रझाकाराच्या टायमाला मी सात वरसाची व्हते. आईनं मला कणगीत घातलतं. बंदुकवाले गावात बसले की बाईला आडावर जाता येत न्हाई. तिकडच्या बायाबी पानीच भरत आसत्याल की."

शेजारच्या टेबलावरचा कारकून मोठ्यानं हसला. आणि मी? मी त्याच्याहून मोठ्यानं हसलो.

आता हे सगळं मी कशासाठी उकरतोय, असं अध्यक्षांच्या चेहऱ्यावर दिसतंय. सुंदरराव, पाच मिनिटं द्या.

मी त्यांच्या प्रतीवर शिक्का मारला आणि मनाला येईल तो आवक क्रमांक टाकला. नोंदवहीत मात्र काहीच लिहिलं नाही. असला कागद आत नेला असता तर साहेब म्हणाले असते, भोंडवे, अमेरिकेला मी काय आदेश काढू? त्या एका प्रश्नाच्या भीतीनं मी तो कागद नेलाच नाही. आता मूळ कागदाचं काय झालं? कचेरीत काम केलेल्या माणसाला पाठकोरा कागद टाकवत नाही. मी त्याचे चार तुकडे केले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर चहाच्या चिठ्ठ्या लिहिल्या. पुढच्या साली बायका पुन्हा आल्या. पुन्हा तेच. ऊसतोडीवरून आल्या की आठवड्याभरात यायच्या. एक दिवसाचं काम बुडवून, सहा कोस चालून, लुगड्याच्या घडीत कागद जपून आणायच्या. अशी नऊ वर्षं. मी नऊ वर्षं शिक्का मारला आणि नऊ कागद चहात घातले.

मग दोन हजार अकराच्या शेवटी ती फौज परत गेली. पुढच्या एप्रिलमध्ये बायका आल्या तेव्हा हातात कागद नव्हता. गूळ होता. गुऱ्हाळावरून आणलेली ढेप माझ्याच टेबलावर पेपरवेटनं फोडली आणि सगळ्या कचेरीला वाटली. चंद्रभागाबाई तेव्हा काठी घेऊन आलत्या. म्हणाल्या, "आमच्या एकट्याच्या कागदानं न्हाई गेले ते, येवढं कळतंय आमाला. पर जगात किती लोकांनी कागद दिले आसत्याल, त्यात आमचाबी एक व्हता. तुमी धाडला म्हून व्हता." मी तो गूळ खाल्ला. चांगला होता. मागून घेतला आणखी.

इराकची लढाई माझ्या टेबलावर थांबणार होती का? नव्हती. हे स्वतःला मी शेकडो वेळा सांगितलं आहे. पण त्या बायांनी मला लढाई थांबवायला सांगितलंच नव्हतं. आमचं म्हणणं पुढं पाठवा, एवढंच सांगितलं होतं. त्यांच्या उभ्या आयुष्यात सरकार म्हणून जो माणूस त्यांना भेटला तो मी होतो, आणि मी त्यांचं म्हणणं माझ्या टेबलाच्या पुढं जाऊ दिलं नाही.

गेल्या महिन्यात वैष्णवीचा फोन आला. "काका, मूळ कागद कुठं मिळतील? त्यावर सगळ्या आज्ज्यांचे अंगठे आहेत, प्रतीवर नाहीत." जुने कागद मुदतीनंतर नष्ट करतात, असं म्हटलं असतं तर कुणीही मान्य केलं असतं. तसंच म्हणालो मी. मग घरी जुनी डायरी चाळताना हा तुकडा निघाला. दाखवतो. या बाजूला माझं अक्षर: चार चहा, एक बिनसाखरेचा. आणि या बाजूला जांभळ्या शाईचा अर्धा अंगठा. शेजारी विमलबाईंनी लिहिलंय, 'चंद्रभा'. पुढचं नाव माझ्या कात्रीत गेलं.

परवा मी हा तुकडा खिशात घालून विमलबाईंच्या घरी गेलो. कसंबसं सांगितलं की बाई, तुमचे कागद मी पुढं पाठवलेच नाहीत. त्या शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हाईत हाय. पयला कागद दिला त्याच दिवशी आमच्यातल्या दगडाबाईनं रेशनचा अर्ज दिलता. दोन्ही नंबर लगोलग याया पायजे व्हते, तर आमचा तिच्या लई पुढं. तवाच कळलं."

मी म्हणालो, "मग कावून येत व्हता दरसाल?"

त्या म्हणाल्या, "बायांना सांगितलं न्हाई मी. आन् येऊ न्हाई तर काय? तुमी तर वाचत व्हताच की. सरकारचा एक मानूस नऊ वर्सं वाचतोय, माज्यासाठी तेवढंबी लई व्हतं."

मंडळी, मी "हो" म्हणालो. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांच्या ओसरीवर बसून, त्यांचा चहा पिता पिता मी "हो" म्हणालो.

विमलबाई, आज सगळ्यांच्या देखत सांगतो. मी वाचत नव्हतो. एकदाही नाही. 'विषय'पर्यंत नजर जायची आणि हात शिक्क्याकडं जायचा.

आज मी चार वाजताच इथं आलो. मुलं खुर्च्या मांडत होती. त्या भिंतीजवळ उभा राहून मी नऊही निवेदनं पहिल्यांदा वाचली. पहिल्यात लिहिलंय, 'आमच्याकडे टँकर दोन दिवस आला नाही तर आम्ही कचेरीवर येतो. परक्या फौजेनं पाणी तोडलं तर तिथल्या बायांनी कोणाच्या कचेरीवर जावं?' असं वाक्य लिहिणारी बाई माझ्यासमोर उभी होती आणि मी तिला हसलो. आणि नवव्यात, अगदी शेवटी, एक ओळ आहे: 'आपल्या कचेरीचे भाऊसाहेब दरवर्षी आमचा कागद घेतात, आम्हाला पाणी देतात, त्यांचे आम्ही आभारी आहोत.'

त्या ओळीवरच माझा शिक्का बसलाय. 'आभारी' हा शब्द शाईखालून जेमतेम दिसतो.

वेळ संपली, अध्यक्ष महोदय. आपण मला बोलावलंत, एवढा वेळ ऐकून घेतलंत, आपले सर्वांचे आभार. हा तुकडा मी वैष्णवीकडं देतो, तो दहाव्या चौकटीत लावा. चहाची बाजू झाकू नका. शाल तिथं खुर्चीवर आहे. चंद्रभागाबाईंच्या सुनेला द्या, ती तिसऱ्या ओळीत बसली आहे. बोलण्यात माझं काही पुढं-मागं झालं असेल तर ते आपण पोटात घाला. वाचलं नाही, ते मात्र घालू नका. विमलबाई, ते तर तुम्ही मुळीच घालू नका.