माझं चिडणं भौतिक की रासायनिक?

नाही, काल रात्री मला झोप लागणार तरी कशी, तुम्हीच सांगा! पोटची पोर, चौथीतली, कमरेवर हात ठेवून विचारते, "आई, तू चिडतेस तो भौतिक बदल की रासायनिक?" आणि उत्तराची वाटही न बघता दात घासायला निघून जाते! ती घोरतेय, मी छताकडे बघतेय...

आता मुळात चूक माझी. शाळेत धडा आला, पदार्थांमधले बदल. पुस्तकातून वाचून घेतला असता तर काही बिघडत होतं? पण नाही! मला आदर्श आई व्हायचंय ना! बर्फ वितळवला, परत गोठवला. कागद जाळला, राख दाखवली. आणि मोठ्या थाटात नियम ठोकून दिला: परत पहिल्यासारखं होतं का? होत असेल तर भौतिक, नसेल तर रासायनिक!

झालं! आमच्या भिंगरीला चाळाच लागला. ओला टॉवेल वाळला? भौतिक. टोस्ट करपला? रासायनिक. बाबांचं टक्कल? "परत पहिल्यासारखं होतं का? नाही ना? रासायनिक!" नवरा वर्तमानपत्रामागून, "अगं, आवर तिला." मी काय आवरणार? एवढ्यात तिनं टर्रकन कागद फाडला. "हा पण रासायनिक!" मी म्हटलं, "नाही गं राणी, फाटला तरी कागद कागदच राहिला, नवं काही तयार झालं नाही, म्हणून हा भौतिक." "पण तू तर म्हणालीस..." हो, म्हणाले! चुकले!

तिथं तरी थांबावं की नाही माणसानं? मी आपली मूलद्रव्यांवर घसरले! म्हटलं, लोखंड हे मूलद्रव्य, कितीही तुकडे करा, लोखंड ते लोखंडच. आणि तुम्हाला सांगते, काल सकाळी माझी महत्त्वाची मीटिंग, कामावरचे सगळे कपडे कपाटात, आणि कपाटाची किल्ली कुठे? खिडकीत! कपात! मीठ घातलेल्या व्हिनेगरमध्ये! तांबूस, खरबरीत, कुलपात शिरायचं नाव नाही. बाईसाहेब शांतपणे, "लोखंडच राहतं म्हणालीस ना? बघत होते राहतं का."

मग सुटला माझा तोल. "डोकं आहे की खोकं? यापुढे मला एक प्रश्न विचारशील तर याद राख!" ...चेहरा एवढासा झाला हो तिचा. मी आदल्या दिवशीच्याच चुरगळलेल्या कुडत्यात मीटिंगला गेले, पण डोक्यात एकच, परत पहिल्यासारखं होतं का? पोरीनं खरंच विचारणं सोडलं तर? म्हणजे मीच गंज चढवला की तिच्यावर! आणि रात्री तिनं विचारलं ते नेमकं हे.

सकाळी सासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आम्ही चार पोरं वाढवली, आम्ही वायू आहोत की द्रव हे कुणी विचारलं नाही बाई!" नवऱ्याला विचारलं, तर म्हणे, "तू ना, ज्वालाग्राही आहेस." लग्न तरी भौतिक असतं का हो? जाऊ दे.

शेवटी मीच धीर केला. बुटाची नाडी बांधता बांधता म्हटलं, "हे बघ पिल्लू, माझं चिडणं भौतिक. पाण्याचा बर्फ झाला तरी आत पाणीच ना? तशी चिडले तरी मी तुझी आईच. थोड्या वेळानं परत पहिल्यासारखी होते. आणि तू विचारायचं, अगदी खुश्शाल विचारायचं." वाटलं, आता पोर गळ्यात पडणार...

तिनं दुसरा पाय पुढे केला, जरा विचार केला आणि म्हणाली, "शी! म्हणजे तू परत परत चिडणार? त्यापेक्षा रासायनिक असतीस तर एकदाच काय ते झालं असतं."