पिवळी रिबीन

तुम्हाला सांगतो, पोरांसमोर स्वतःचं पुस्तक वाचायला जिगर लागते. माझ्या कुमार कादंबरीत भविष्यातल्या एका शहरात हुकूमशहा पिवळ्या रंगावर बंदी घालतो आणि एक मुलगी पिवळी रिबीन लपवून ठेवते. छापायला देण्याआधी ते रिबिनीचं प्रकरण मी किन्हीराजा गावच्या शाळेत आठवीच्या वर्गात वाचून दाखवलं.

"सांगा, पिवळा रंग म्हणजे काय?" मला 'आशा' हे उत्तर हवं होतं.

एक मुलगी उठली. "रोग, सर! सोयाबीन पिवळं पडलं का वावर गेलं. हुकूमशहानं बंदी घातली थे बराबरच केलं. त्या पोरीले आजून काहून नाही पकडलं?"

सगळ्या वर्गानं हुकूमशहासाठी टाळ्या वाजवल्या. मी केविलवाणा होऊन मागे बसलेल्या हेडमास्तरांकडे पाहिलं.

ते गंभीरपणे म्हणाले, "चूक हुकूमशहाचीच हाय. पह्यलं पिवळं दिसलं तवाच फवारा माराले पाह्यजे होता."