काठोकाठ कप

औषधांच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई उभ्या होत्या. दुकानदाराने चिठ्ठी वाचली.

"ताई, सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, त्याही तीन महिन्यांच्या?"

"सर्दी नाही हो. लेकीला आनुवंशिक आजार आहे, पेशींत चरबी साठते. हात थरथरतात, तोल जातो. त्याला ही गोळी लागू पडते का, ते डॉक्टर बघतायत."

"मग, पडतेय?"

"आजार काही गेला नाही. पण सांडतो म्हणून तिला आम्ही कायम अर्धाच कप चहा देतो. काल तो न सांडता संपवला आणि माझ्यावरच ओरडली, 'आई, किती चिक्कूपणा! काठोकाठ भर.'"

"भरलात?"

"भरला की."

"मग सांडला असेल."

"सांडला ना. तिच्यापर्यंत नेताना, माझ्याच हातून."